कापलेली स्ट्रिप

"किती कापू?" चिवटेशेठनी विचारलं.

"चार."

"चारच?"

"चारच."

शेठनी चष्म्याच्या वरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे. पंचनाम्याला साक्षीदार हवे असावेत तसं. "वहिनी, हृदयाची गोळी आहे ही. लोक महिन्या-महिन्याची नेतात. तुम्ही कोथिंबिरीसारखी नेता."

"कोथिंबीर भाजीवाली फुकट तरी घालते, शेठ."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शेठ हसले नाहीत. गल्ल्याला सुतळीने बांधलेली कात्री त्यांनी ओढली आणि चौदा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापल्या. चिवटेशेठना जन्मात कधी सरळ कापता आलं नाही. चौथ्या गोळीच्या अंगावरून कात्री गेली, चंदेरी कागद फाटला आणि गोळी काचेवर घरंगळली. त्यांनी ती फुंकर मारून पुडीत टाकली.

"हिला हवा लागली," मी म्हटलं.

"हवा तुम्हा-आम्हालाही लागते. मरतो का आपण?"

मी पर्समधून दुसरी पुडी काढली. "ह्या पित्ताच्या सहा राहिल्यात. डॉक्टरांनी बदलून दुसऱ्या दिल्या. ह्या परत घ्या."

शेठनी पुडीला हात लावला नाही. फक्त कात्रीचं टोक वर भिंतीकडे केलं. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत, काळी सावली टाकून लिहिलं होतं: कापलेली स्ट्रिप परत घेतली जाणार नाही.

"वाचा. तुमच्याच मिस्टरांनी रंगवलाय."

ह्यांनीच रंगवला होता. आमच्या बोरपेठेत फ्लेक्स येण्याआधी जे काही लिहिलेलं होतं ते ह्यांच्याच हातचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे देव, सार्वजनिक मुतारीवरचा दंड. 'गजानन आर्ट्स' असं दुकानाचं नाव, पण गाव म्हणायचं पेंटर. त्यामुळे मी पेंटरवहिनी. मी ब्लाउज शिवते, हे गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर दिसत असूनही माझं नाव त्यावरून काही पडलं नाही.

दहा वर्षं झाली या गोष्टीला. त्या वर्षी फेब्रुवारीत हे जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत रंगवत होते. 'अ'पासून सुरुवात केली होती. 'भ'पर्यंत आले आणि छातीत कळ आली. शिडीवरून स्वतःच उतरले, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला आणि मग खाली बसले. ऑपरेशन योजनेत बसलं. नळीत दोन स्प्रिंगा बसल्या. गोळ्या तेवढ्या कशातच बसल्या नाहीत.

डॉक्टर चांगले होते, स्पष्ट बोलायचे. "वर्षभर रक्त पातळ ठेवायची गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवायची नाही, अर्धी करायची नाही, कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. नळीत गुठळी झाली तर मला फोन करायलाही वेळ मिळणार नाही."

ती गोळी तेव्हा एकच कंपनी करायची. एका गोळीत आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीचे आठ कप चहा यायचे. म्हणजे आमचे हे रोज सोळा कप चहा पाण्याबरोबर गिळायचे आणि वर म्हणायचे, चहा कमी कर, साखर महागलीय.

गोळीच्या खोक्यात पातळ कागदाची एक घडी येते. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मी सातवी शिकलेली. ब्लाउज शिवायला शिकले ते आईचा जुना ब्लाउज उसवून, आणि इंग्रजी जे काही शिकले ते तीच घडी पोराच्या जुन्या डिक्शनरीशेजारी ठेवून, शब्दाशब्दाने उसवून. त्या गोळीने होणारे सत्तावीस त्रास त्यात दिले होते. किमतीचा त्रास दिला नव्हता.

तर त्या चार गोळ्या मी सोमवारी आणल्या, मंगळवार-बुधवारसाठी. दोन दिवसांच्या. गुरुवारी सकाळी गोळ्यांची डबी उघडली तर तीत एक गोळी शिल्लक.

माझी आकडेमोड फार मोठी नाही, पण चार गोळ्यांत चुकायला जागा किती असणार?

दुपारी पुन्हा चार आणल्या आणि संध्याकाळी सात वाजता मी मशीन थांबवून हळूच मागच्या खोलीत गेले. हे खिडकीशी बसले होते. पुढ्यात काच, काचेवर पोलादी पट्टी, आणि अक्षरांचे स्टेन्सिल कापायचं ते बारीक ब्लेड हातात. काचेवर गोळी.

"काय चाललंय?"

"काही नाही. लेटरिंग."

"गोळीवर?"

पकडले गेले की हे खुलतात. "बघ, ये इकडे. बरोब्बर मधोमध. दोन्हीकडे सारखं, चुरा नाही, काही नाही. तुझ्या चिवट्याला सांग, असं कापतात."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. संध्याकाळची फक्त. सकाळची आख्खी घेतो."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चुकवू नकोस म्हणाले. मी कुठे चुकवतो?"

"अर्धी करू नकोस पण म्हणाले."

"ते डॉक्टर आहेत. त्यांना काय माहीत ब्लेड किती धारदार आहे ते."

मी हसणार नव्हते. "मग स्प्रिंगा दोन आहेत, त्यांतली कुठली अर्धी उपाशी ठेवायची ते ठरवलंय का?"

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "आरशात बघ जरा स्वतःला, शैला. दिवाळीचे एकोणीस ब्लाउज शिवलेस या महिन्यात. डोळे जास्वंदीसारखे झालेत. तुझी नजर गेली आणि माझी नळी राहिली, तर घरात कोण कोणाला गोळी दाखवणार?"

"ते ब्लेड द्या इकडे."

"ब्लेड देणार नाही. माझ्या धंद्याचं हत्यार आहे."

वर्ष संपायला बारा आठवडे राहिले होते. आठवड्याला चौदा गोळ्या, म्हणजे एक स्ट्रिप. बारा स्ट्रिपा. बारा स्ट्रिपांच्या पलीकडे माझा नवरा उभा होता आणि अलीकडे तो स्वतःच ब्लेड घेऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी झांबरे आले.

झांबरे म्हणजे आमच्या नगराध्यक्षांचे, तात्यासाहेब रेडेकरांचे उजवे हात. घरात चहाला बसले तरी समोर माईक असल्यासारखे बोलायचे. "वहिनी, पेंटर! येत्या रविवारी तात्यासाहेब साठ वर्षांचे होत आहेत. गूळतुला झाली, ग्रंथतुला झाली, शेजारच्या तालुक्याने वह्यातुला केली. पण औषधतुला? संबंध जिल्ह्यात कोणी केली नाही! एका पारड्यात तात्यासाहेब, दुसऱ्यात औषधं. ती सगळी गरजू रुग्णांना."

"तात्यासाहेब किती भरतात?" ह्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव. रविवारपर्यंत शंभर करू म्हणतायत."

"आमच्याकडे काय काम काढलंत?" मी विचारलं.

"गादी. पारड्यात बसायला मखमली गादी, लाल, सोनेरी झालर. काटा गुळाच्या अडतीतून आणलाय, पारडं लाकडी आहे, साहेबांना टोचायला नको. शिलाईचं म्हणाल तर…" झांबऱ्यांनी हात जोडले. "सेवा समजा."

"समजते," मी म्हटलं आणि आत जाऊन डॉक्टरांची चिठ्ठी आणली. "मग तुमच्या पारड्यात एवढं टाका. ह्यांच्या गोळ्या. बारा स्ट्रिपा."

मला वाटलं झांबरे चहा अर्धा टाकून उठतील. तर ते दोन्ही हातांत चिठ्ठी घेऊन आरतीच्या तबकासारखी बघायला लागले. "लाभार्थी! वहिनी, तीन दिवस लाभार्थी शोधतोय मी. सगळे म्हणतात औषध घरी पाठवा, स्टेजवर नको. तुम्ही याल ना स्टेजवर? बारा तर बारा. फोटो छान येईल."

ते गेल्यावर ह्यांनी बराच वेळ कपातला गाळ फिरवला.

"तीन निवडणुका त्या माणसाचं नाव भिंतीभिंतीवर काढलं मी," हे म्हणाले. "उन्हात. आडनावातल्या 'र'ची शेपटी कुणी अशी काढून दाखवावी. फ्लेक्स आलं आणि झांबऱ्या आपलं दार विसरला. आज आला तर लाभार्थी शोधत."

"येऊ दे की. गोळ्या येतायत ना?"

"दान म्हणून आलेली गोळी माझ्या घशाखाली उतरणार नाही."

"पाणी प्या वर."

"चेष्टा नको, शैला. तुला जायचं तर जा. गोळ्या आण, देव्हाऱ्यात ठेव, हळदकुंकू वाहा. मी घेणार नाही."

"मग काय घेणार?"

"अर्धी," हे म्हणाले आणि उठून गेले.

रविवारी सकाळी बाजारतळावर मांडव पडला होता. कमानीवर फ्लेक्स होतं, त्यात तात्यासाहेबांच्या गळ्यात स्टेथोस्कोप. तात्यासाहेब बारावीला दोनदा बसले होते असं मी ऐकून होते, पण कॉम्प्युटरवर काय, कुणालाही डॉक्टर करता येतं.

'प्रत्येक नागरिकाने घरातून एक औषध आणावे' अशी दवंडी रिक्षातून फिरली होती. नागरिक आले. वजनावर जाणार म्हटल्यावर गोळ्या कोणीच आणल्या नाहीत. अर्ध्या राहिलेल्या खोकल्याच्या बाटल्या आल्या. पित्ताचं गुलाबी औषध आलं. गुडघ्याला चोळायची तेलं आली. एका बाटलीची मुदत आधीच्या नगराध्यक्षांच्या काळात संपली होती. एका आजोबांनी घरचा काढा आणला आणि बरणी परत हवी म्हणून शेवटपर्यंत पारड्याशी उभे राहिले. एवढ्यानेही पारडं उचलेना म्हणून चिवटेशेठच्या टेम्पोतून सलाईनच्या बाटल्यांची खोकी उतरली. सलाईन म्हणजे शेवटी मिठाचं पाणी, पण वजनाला चांगलं.

मला तात्यासाहेबांच्या पारड्याशीच उभं केलं होतं, कारण ते बसताक्षणी गादीची एका बाजूची शिवण तडकली. मी पिशवीतून सुई-दोरा आणि कात्री काढली आणि खाली वाकून, साहेब वर बसलेले असतानाच, टाके घालायला लागले.

"बाई," तात्यासाहेब ओठ न हलवता, समोर हात जोडून म्हणाले, "ह्यात मुंग्या आहेत काय गं?"

"गुळाचं पारडं आहे, साहेब."

"झांबऱ्याला सांग लवकर उरक."

झांबरे उरकत नव्हते. "बंधुभगिनींनो! पारडी जवळजवळ समान झालेली आहेत. जवळजवळ! आता हा काटा बरोबर येणार आहे तो एका भगिनीच्या कुंकवाने!" त्यांनी बारा स्ट्रिपांचं खोकं उंच धरलं, सगळ्या गावाला दाखवलं आणि सलाईनच्या बाटल्यांवर ठेवलं.

काटा हलला नाही.

हलणार कसा? ह्यांचे तीन महिन्यांचे श्वास त्या खोक्यात होते आणि वजन दोन लिंबांएवढं. मग झांबऱ्यांनी भाषण चालू ठेवून औषधांच्या पारड्याच्या कडेवर हळूच चपलेसकट पाय ठेवला, पारडं खाली आलं आणि टाळ्या पडल्या.

तात्यासाहेब उतरले, पाठ खाजवली, आणि ते खोकं माझ्या हातात देताना क्षणभर थांबले. नाव वाचलं.

"अरे, ही तर माझीच गोळी." हे ते माईकवर बोलले नाहीत. "मालकांना कधी बसवल्या?"

"नऊ महिने झाले."

"माझ्या तीन आहेत," त्यांनी तीन बोटं दाखवली. "चुकवू देऊ नको हं. एकसुद्धा."

फोटो निघाला. तात्यासाहेब हसताहेत, झांबरे मधे घुसलेत, मी खोकं धरलंय.

मी मांडवामागे आले. तिथे चिवटेशेठ खोक्यावर खोकं मोजत होते, हातात कार्बनची यादी. हमाल सलाईनच्या बाटल्या परत टेम्पोत चढवत होते.

"सलाईन एकशे साठ… सिरप चाळीस… वहिनी, बरं झालं आलात. द्या इकडे."

"काय?"

"गोळ्या."

"मला दिल्यात त्या."

"फोटोत दिल्यात," शेठ शांतपणे म्हणाले. "माल जांगडावर आहे सगळा."

लग्नघरी दुकानातून साड्यांचे गठ्ठे नेतात तसं. पसंत पडतील त्या ठेवायच्या, बाकीच्या घडी न मोडता परत. ह्यालाच आमच्याकडे जांगड म्हणतात. तात्यासाहेबांचं साठ वर्षांचं पुण्य जांगडावर आणलं होतं आणि आता ते घडी न मोडता टेम्पोत चढत होतं.

झांबरे घाईने आले. "वहिनी, तसं काही मनात आणू नका. फंडाची मंजुरी आली की घरपोच. महिना, फार तर दीड महिना."

"आणि दीड महिना ह्यांनी काय घ्यायचं?"

झांबरे प्रथमच माईक नसल्यासारखे बोलले. "आता… देव आहे की, वहिनी."

"एक ठेवा," मी म्हटलं. "एक आठवड्याची. बाकीच्या न्या."

"एक कमी झाली की खोकं फुटलं," चिवटेशेठ म्हणाले. "फुटकं खोकं मी कोणाला विकू? भावना समजतात मला, वहिनी. पण अखंड माल अखंडच परत पाहिजे."

भावना समजतात म्हणणाऱ्या माणसाकडून त्या दिवसापर्यंत मी कधी काही मिळवलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. लाल गादी एका खुर्चीवर टाकलेली होती. मी तिच्यावर बसले. खोकं मांडीवर उघडलं. चार स्ट्रिपा काढल्या, एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या. लग्नसराईत अस्तराचे आठ-आठ पदर एका दमात कापते मी, चार स्ट्रिपा म्हणजे काय. पिशवीतून कात्री काढली आणि गोळ्यांच्या दोन रांगांच्या बरोबर मधून, एका गोळीलाही न दुखावता, आडवी घातली.

करकर असा आवाज झाला.

"अहो!" चिवटेशेठ यादी टाकून धावले. "अहो वहिनी! काय करता? कापू नका! कापलेली स्ट्रिप…"

आणि ते थांबले.

मी पुढच्या चार घेतल्या. "बोला ना, शेठ. कापलेली स्ट्रिप काय?"

शेठ वाकून टाकलेली यादी उचलायला लागले.

"दुकानात लिहिलंय बघा. लाल अक्षरांत. काळी सावली टाकून." मी शेवटच्या चार कापल्या. "ह्यांनीच रंगवलाय."

झांबऱ्यांनी माझ्या मांडीवर हात घालायचा विचार केला असावा, पण कात्री उघडी होती. "साहेब!" ते ओरडले. "साहेब, बाईंनी माल कापला!"

तात्यासाहेब पलीकडच्या कोचावर सदरा वर करून बसले होते, पाठीला कोणीतरी चुना लावत होतं. ते तसेच आले. मागोमाग फोटोवाला वार्ताहर.

"कुठला माल?"

"गोळ्या. जांगडावरच्या."

तात्यासाहेबांनी माझ्या मांडीकडे पाहिलं. चोवीस तुकडे होते, सात-सात गोळ्यांचे, गठ्ठा लावून ठेवलेले.

"जांगडावर आणलं होतंस?" त्यांनी झांबऱ्यांना विचारलं.

"साहेब, बजेट… मांडव, फ्लेक्स…"

"मलाही परत करणार होतास का रे संध्याकाळी?" मग चिवटेशेठकडे वळून, "कापलेली परत घेतोस?"

"नाही घेता येत, साहेब. आमच्याकडून कंपनीच…"

"मग माझ्या नावावर टाक आणि गप बस. ती सलाईन ने तुझी. बाई, तू जा घरी."

तो चांगुलपणा होता, का मागे उभा राहिलेला वार्ताहर होता, का सदऱ्याखालच्या तीन स्प्रिंगा होत्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तुकडे पिशवीत भरले. गादीही काखेत मारली. शिलाई सेवा होती, मखमल माझी होती.

चिवटेशेठ आजही मला रस्त्यावर बघितलं की म्हणतात, "वहिनी, कात्री घरी ठेवून आलात ना?" गेल्याच महिन्यात म्हणाले, बोर्डाचा रंग उडालाय, पेंटरना पाठवा एकदा. मी म्हटलं, पाठवते, पण मजकूर तोच ठेवा.

त्या दुपारी मी घरी आले तेव्हा हे खिडकीशीच बसले होते, पाठ दाराकडे. मी तुकडे त्यांच्या पुढ्यात काचेवर ओतले. पोलादी पट्टी आणि ब्लेड तिथेच होतं.

"आणल्यास," हे म्हणाले.

"आणल्या."

"टाळ्या पडल्या?"

"पडल्या. झांबऱ्याने पारड्यावर पाय ठेवला तेव्हा."

"मी सांगितलंय तुला. मी घेणार नाही."

"नका घेऊ," मी म्हटलं. मी दमले होते. स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्यायले. परत आले तर त्यांनी एक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला होता. डोळा बारीक करून, ट्रकच्या मागची ओळ सरळ आलीय का बघतात तसा.

"हे चिवट्याने कापलेलं नाही."

मी पदराने तोंड पुसलं.

"चिवट्या तिरकं कापतो. ही रेघ बघ. पट्टी लावल्यासारखी." त्यांनी दुसरा तुकडा त्यावर ठेवला, मग तिसरा. कडा तंतोतंत जुळल्या. "चार-चार एकदम कापल्यात. ही कपड्याची कात्री आहे." ते माझ्याकडे वळले. "शैला, काय केलंस तू?"

मग मी सांगितलं. जांगड सांगितलं, दीड महिना सांगितला, बोर्ड सांगितला. बोर्डाशी आले तेव्हा हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांनी हात छातीवर ठेवला आणि मी धावत जाऊन त्यांचा खांदा धरला.

"हसतोय गं," हे म्हणाले. "नुसता हसतोय. बस खाली." डोळे पुसले. "म्हणजे त्यांनी दिल्या नाहीत."

"नाही. परत मागत होते."

"तू घेतल्यास."

"मी कापल्या. विकत घ्याव्या लागल्या त्यांनाच."

"हं." ते बराच वेळ त्या सरळ कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "मग हे दान नाही."

"अजिबात नाही."

सात वाजले तेव्हा मी मुद्दाम मशीनवरून उठले नाही. आतलं फक्त ऐकलं. चंदेरी कागद फुटल्याचा बारीक आवाज आला, मग तांब्याचा, मग एक घोट. पट्टीचा आवाज आला नाही.

थोड्या वेळाने हे बाहेर आले. माझ्या मशीनशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, कात्री, टेप, खडू ठेवायचा. त्यांनी त्याचं झाकण उघडलं आणि ते बारीक ब्लेड कागदात गुंडाळून माझ्या कात्रीशेजारी ठेवलं.

"असू दे तुझ्याकडे," हे म्हणाले. "घरात कापाकापी एकाच माणसाने करावी."